आईचा चष्मा महाग नव्हता, तुमचा होता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मॉलमधल्या दुकानात तुमचा आणि आईचा असे दोन चष्मे केले आणि बिल झालं 14,500. तुमची फ्रेम 1,900, तिच्यात 1.67 ची 'थिन' ब्ल्यू कट (निळा उजेड अडवणारी म्हणतात ती) काच 2,950. आईची फ्रेम 1,500 आणि प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत, रेघ न दिसणारी) काच 8,000. वर 150 चा पुसायचा स्प्रे. डोळे तपासणी फुकट, फिटिंग फुकट. तुमचा नंबर दोन्ही डोळ्यांना -1.25, आणि तुमचा चष्मा मस्त चाललाय. आईला मात्र नव्या चष्म्याने जिना उतरताना गरगरतं म्हणून तिने तो कपाटात ठेवून दिलाय आणि जुनाच लावते. म्हणून तुम्ही म्हणताय की माझे पैसे ठीक आहेत एकवेळ पण आईच्या साडेनऊ हजारात आम्हाला लुटलं.

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी चष्म्याचं दुकान चालवतो, 1997 पासून, त्याआधी वडील चालवायचे. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आईच्या बिलात फार वावगं काही दिसत नाही, जास्तीचे पैसे गेलेत ते तुमच्या चष्म्यात. आणि आईचा चष्मा चालत नाहीये त्याचं कारण बिलावर लिहिलेलंच नाहीये, कारण ते 'फुकट' या सदरात आलंय. जरा लांबण लागेल, पण धंद्यातला माणूस हे सहसा बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फ्रेम. प्लॅस्टिकची, टीआर-90 वगैरे म्हणतात ती हलकी वाकणारी फ्रेम, होलसेलला मला दीड-दोनशेपासून पडते. बरी ॲसिटेटची चारशे-सहाशे. टायटॅनियमची हजाराच्या आसपास आणि पुढे. यातला बराचसा माल चीनमधून येतो, वेन्झो आणि शेन्झेन ही फ्रेमची मोठी गावं, आणि काचांसाठी दानयांग. आपल्याकडे दिल्लीच्या चांदणी चौकातली बल्लीमारान गल्ली बघा, अख्खी गल्ली फ्रेमांनी भरलेली, आमच्यासारखे कितीतरी दुकानदार तिथून किंवा तिथल्या माणसाच्या बॅगेतून माल घेतात. म्हणजे तुमची 1,900 ची फ्रेम दुकानदाराला तीनशे-चारशेला पडली असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता लगेच शिव्या घालू नका, पुढचा हिशोब ऐका. माझ्या दुकानाचं भाडं, लाइट, दोन पोरांचे पगार, आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणाऱ्या) मॅडमचे पैसे, मशीनचा हप्ता, सगळं धरून महिन्याला साधारण 95 हजार जातात. चष्मे होतात सव्वाशेच्या आसपास. म्हणजे एका चष्म्यामागे साडेसातशे रुपये तर मी दुकान उघडं ठेवायचेच झाले, माल अजून घेतलाच नाही. शिवाय कपाटात नऊशे फ्रेमा पडून असतात, त्यातल्या दोनशे कधीच विकल्या जाणार नाहीत. मधे ती बारीक आयताकृती फ्रेमची फॅशन होती ना, त्या अजून माझ्याकडे खोक्यात आहेत, आता सगळ्यांना मोठ्ठ्या गोल पाहिजेत. मॉलमधल्या भाड्याचा तुम्हीच अंदाज करा.

ब्रँडेड फ्रेमची गोष्ट अजून वेगळी. रे-बॅन 1999 मध्ये बॉश अँड लॉम्बकडून इटलीच्या लक्झॉटिकाने 640 मिलियन डॉलरला घेतली, मग 2018 मध्ये लक्झॉटिका आणि काचा बनवणारी फ्रान्सची एसिलॉर एक झाल्या. ओकली पण त्यांचीच, आणि प्राडा, शनेल, अरमानी अशा कितीतरी फॅशनवाल्यांच्या नावाचे चष्मे लायसन्सवर तेच बनवतात. म्हणजे शोकेसमध्ये आठ नावं दिसतात, मालक एक. माल वाईट असतो असं अजिबात नाही, बिजागरी चांगली असते, पॉलिश टिकतं. पण हजाराची चांगली फ्रेम आणि नऊ हजाराची फ्रेम यातला फरक नाकाला कळत नाही, नावाला कळतो. हौस असेल तर जरूर घ्या, मी पण विकतो आणि आनंदाने विकतो.

फ्रेममध्ये खरं बघायचं काय ते काडीच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. 52, मग छोटा चौकोन, 18, मग 140 असं काहीतरी. 52 म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, 18 म्हणजे नाकावरचा पूल, 140 काडीची लांबी. तुमचा जो चष्मा घसरत नाही, कानामागे टोचत नाही, त्याचे हे तीन आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्या जवळपासचीच फ्रेम घ्या. आरशात कशी दिसते ते नंतर.

आता काच. अजूनही आमच्याकडे लोक 'फायबरची काच' म्हणतात, ते खरं तर प्लॅस्टिक, नाव सीआर-39. वडिलांच्या काळात खरी काच असायची, ते सहाणेसारख्या दगडी चाकावर पाणी सोडत हाताने घासून काच फ्रेमच्या आकाराची करायचे, बोटांची टोकं कायम सोललेली. आता मशीन फ्रेमचा आकार वाचतं आणि पाच-सात मिनिटांत काच कापून देतं. साध्या नंबरच्या काचा तयार मिळतात, स्टॉक लेन्स म्हणतो आम्ही त्यांना. साधी कोटिंग केलेली 1.56 ची जोडी (हा आकडा काय ते पुढे सांगतो) मला दीडशे-दोनशेत पडते, ब्ल्यू कट त्याच्याहून पन्नास-शंभर रुपये जास्त. हो, फक्त पन्नास-शंभर. दुकानात मात्र ब्ल्यू कट म्हटलं की बिलात पाचशे-हजार वाढतात.

ब्ल्यू कटवर बोलतोच आता. माझ्या ड्रॉवरमध्ये एक निळा लेझर टॉर्च आहे आणि एक कार्ड आहे, काचेच्या कंपनीचा माणूस फुकट देऊन गेला होता. साध्या काचेतून टॉर्च मारला की कार्डावर निळा ठिपका उमटतो, ब्ल्यू कटमधून मारला की उमटत नाही, गिऱ्हाईक थक्क होतं आणि पैसे देतं. हा खेळ मी पण दोन-अडीच वर्षं केला, खोटं कशाला बोलू. गोम अशी आहे की तो टॉर्च 405 नॅनोमीटरच्या आसपासचा, जांभळ्याकडे झुकलेला उजेड टाकतो, आणि मोबाइल-लॅपटॉपच्या स्क्रीनचा निळा उजेड मुख्यतः 450 च्या आसपास असतो, तिथे ही काच थोडंसंच अडवते. सगळं अडवायला लागली तर जग पिवळं दिसेल. 2023 मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या तपासून निष्कर्ष काढणारी संस्था) 17 चाचण्या एकत्र करून रिव्ह्यू काढला, त्यात निघालं की स्क्रीनवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण अशा काचांनी, निदान थोड्या काळात तरी, साध्या काचेपेक्षा कमी होतो असं दिसत नाही. बरं, बाहेर उन्हात उभं राहिलं की स्क्रीनच्या कितीतरी पट निळा उजेड डोळ्यात जातो, त्याला कोणी घाबरत नाही. दिवसभर स्क्रीनसमोर डोळे चुरचुरतात ते बहुतेक पापण्या कमी मिटल्या जातात म्हणून, एसीमुळे, आणि कधी कधी नंबरच चुकीचा असतो म्हणून. टॉर्च अजून ड्रॉवरमध्ये आहे, नातू मांजराला खेळवायला मागतो, मी देत नाही, लेझर आहे शेवटी.

तुमच्या काचेत दुसरी गोष्ट 1.67. हा काचेचा इंडेक्स. आकडा जितका मोठा तितकी तीच पॉवर पातळ काचेत बसते. साधी सीआर-39 म्हणजे 1.5, मग 1.56, 1.6, 1.67, आणि नेहमीच्या विक्रीत सगळ्यात वर 1.74. मोठ्या नंबरवाल्याला याचा उपयोग नक्की आहे. पण -1.25 ला? तुमची साधी काच आणि 1.67 शेजारी ठेवल्या तर कडेला एक मिलिमीटरचा पण फरक पडणार नाही. फ्रेमच्या कडेत लपून जातो तो. दोन हजार रुपये त्या न दिसणाऱ्या फरकाचे गेलेत तुमचे.

आणि ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांच्यासाठी एक हिशोब देतो, हा कोणी सांगत नाही कारण यात विकायला काही नाही. समजा नंबर -5 आहे. मोठी फॅशनची फ्रेम घेतली, काचेच्या मध्यापासून लांबची कड 30 मिलिमीटरवर गेली, तर साध्या 1.5 च्या काचेची कड मधल्या भागापेक्षा साडेचार मिलिमीटर जाड होते. त्याच मोठ्या फ्रेममध्ये 1.67 टाकली तर साधारण 3.4. आणि साधीच काच ठेवून लहान फ्रेम घेतली, कड 24 मिलिमीटरवर आली, तर 2.9. म्हणजे महागड्या काचेने जे झालं नाही ते लहान फ्रेमने झालं आणि पैसे वाचले वर. लहान फ्रेममध्ये 1.6 टाकली तर विचारूच नका. पण कॉलेजच्या पोरीला हे सांगायला गेलो की ती म्हणते काका ती फ्रेम आजोबांची वाटते, संपला विषय.

इथे एक अपवाद, लहान मुलं. मुलांना पॉलिकार्बोनेट (एक चिवट प्लॅस्टिक) घ्या, ती फुटत नाही सहसा, तिथे चारशे-पाचशे जास्त गेले तर जाऊ द्यात. 1.56 ला 'अनब्रेकेबल' म्हणून खपवणारे भेटतील, ती तशी नसते. आणि मुलांचा पहिला नंबर दुकानात काढू नका, माझ्याही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब टाकून तपासावं लागतं, कारण मुलाच्या डोळ्याची ताकद इतकी असते की मशीनमध्ये बघताना डोळा आतून ताण घेतो आणि मशीन मायनस नंबर जास्त दाखवतं. 'कॉम्प्युटरवर काढलाय नंबर' असं लोक कौतुकाने सांगतात, अहो ते मशीन फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतं, पुढे माणसाने समोर बसून 'हे बरं का ते बरं' करत जायचं असतं.

आता मुख्य मुद्दा, जे फुकट होतं ते.

नीट तपासणीला वीस मिनिटं लागतात, वयस्कर माणूस असेल तर अर्धा तास. मग दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, पीडी म्हणतात त्याला. काचेचा मधला बिंदू, जिथून सगळ्यात स्वच्छ दिसतं, तो बरोबर बाहुलीसमोर यायला हवा. तो सरकला की काच प्रिझमसारखी वागते आणि डोळ्याला ओढ बसते. किती, त्याचा सरळ गुणाकार आहे, सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले नंबर. तुमच्या -1.25 ला 4 मिलिमीटर चुकलं तर अर्धा प्रिझम (या ओढीचं माप), तुम्हाला बहुधा कळणारही नाही. -6 च्या माणसाला 5 मिलिमीटर चुकलं तर एका डोळ्याला 3 प्रिझम, तो संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसेल आणि म्हणेल नंबर चुकला. म्हणून लहान नंबरवाल्यांना मी स्वतः सांगतो की बाबा ऑनलाइन मागवलास तरी चालेल, तुझा डोळा चूक माफ करतो. दुकानदार असून असं सांगतो म्हणून आमच्या असोसिएशनमधले लोक माझ्याशी नीट बोलत नाहीत.

प्रोग्रेसिव्ह काच मात्र काही माफ करत नाही. तिच्यात वरच्या भागात लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि मधे एक बोळ असतो ज्यात नंबर हळूहळू बदलत जातो. 1959 मध्ये फ्रान्समध्ये व्हॅरिलक्स या नावाने ही पहिल्यांदा बाजारात आली, त्याआधी बायफोकल, म्हणजे खाली अर्धचंद्र दिसतो ती. प्रोग्रेसिव्हला रेघ दिसत नाही म्हणून बायकांना जास्त आवडते, वय कळत नाही. आपल्याकडे तर जवळच्या चष्म्याचं नावच 'चाळिशी' आहे, लावला की वय जाहीर. पण ही रेघ घालवायची एक किंमत असते, दोन्ही बाजूंना खाली-तिरकं बघितलं की धुरकट दिसतं. हे कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही काचेत असतं, गणितच तसं आहे. महाग काचेत तो धुरकट भाग कमी आणि बोळ रुंद, स्वस्तात बोळ म्हणजे अगदी जुन्या वाड्याचा. म्हणून इथे पैसे घातल्याचा फरक खरोखर पडतो, चष्म्याच्या अख्ख्या धंद्यात जिथे पैसा डोळ्याला कळतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक. आठ हजारात दुकानाला चांगलं सुटलं असेल, पण ही काच नंबर आल्यावर लॅबमध्ये घासून बनवली जाते, चूक झाली तर दुकानदाराच्या बोकांडी बसते, ते सगळं धरून मला तो आकडा वेडावाकडा वाटत नाही.

आता ही काच बसवताना प्रत्येक डोळ्याचं पीडी वेगळं घ्यावं लागतं आणि उंची घ्यावी लागते. उंची म्हणजे तीच निवडलेली फ्रेम, तिचे नोज पॅड आधी नीट करून, चेहऱ्यावर चढवून, माणसाला नेहमीसारखं उभं करून, समोर बघायला सांगून, फ्रेमच्या डमी काचेवर बाहुलीसमोर पेनाने ठिपका द्यायचा. दहा मिनिटांचं काम. काचेवर एक फिटिंग क्रॉस छापलेला येतो, तो त्या ठिपक्यावर यायला हवा. दोन-तीन मिलिमीटर वर बसला की समोर बघतानाच डोळा त्या बोळात शिरतो, लांबचं अंधुक, आणि जिना तर तरंगतोच. खाली बसला की वाचायला मान मागे टाकून हनुवटी वर करायची, मग मानेचा आजार.

मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी काय होतं ते मी माझ्या भाचीच्या चष्म्याच्या वेळी बघितलंय. पोरगा चांगला होता बिचारा, पण पाच माणसं थांबलेली, त्याने उंची मोजलीच नाही, 'स्टँडर्ड टाकतो' म्हणाला. तुमच्या आईच्या बाबतीत पण असंच काहीतरी झालं असावं असा माझा अंदाज आहे. कारण नंबर चुकला असता तर तिने जिन्याआधी टीव्हीबद्दल तक्रार केली असती.

हे काम फुकट का असतं विचाराल तर मी स्वतः प्रयोग करून बसलोय. 2016 मध्ये मी दुकानात बोर्ड लावला, तपासणी 150, मापं आणि फिटिंग 200, फ्रेम आणि काच जवळपास खरेदीच्या भावात. एकूण बिल आधीपेक्षा कमीच येत होतं. लोक बोर्ड वाचायचे आणि बाहेर पडायचे, समोरच्या दुकानात 'तपासणी मोफत' होतं. एका मास्तरांनी तर मला ऐकवलं की तुझ्या वडिलांनी कधी डोळे बघायचे पैसे घेतले नाहीत. चार महिन्यांत बोर्ड काढला, तपासणी फुकट केली, फ्रेमचे भाव परत वर नेले, आणि तेच मास्तर 1,600 ची फ्रेम घेऊन वर शंभर रुपये कमी केले म्हणून खूश होऊन गेले. आपल्या माणसाला हातात येणाऱ्या वस्तूचे पैसे द्यायला चालतात, कोणाच्या कौशल्याचे आणि वेळेचे दिले की फसल्यासारखं वाटतं. मग काय, कौशल्याचे पैसे वस्तूत लपवायचे, आणि जे फुकट दिलंय ते घाईत उरकायचं, अशी सगळ्या लाइनला सवय लागलीय. म्हणूनच एक जागा भरमसाट महाग दिसते आणि दुसऱ्या जागी माणूस गरगरतो.

'एकावर एक फ्री' पण त्यातलंच, दुसऱ्या चष्म्याची किंमत पहिल्यात बसलेली असते, आता हे तर सगळ्यांना कळतं. फक्त गरज नसताना दुसरा घेऊ नका एवढंच.

गॉगलबद्दल कोणी ना कोणी विचारेलच म्हणून दोन ओळी. यूव्हीपासून, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून, डोळे वाचवायला महाग गॉगल लागत नाही, पॉलिकार्बोनेट मुळातच यूव्ही अडवतं, सहाशे-आठशेचा बरा गॉगलही ते काम करतो. फक्त रस्त्यावरचा नुसता काळा रंग मारलेला नको, त्याने अंधार होऊन बाहुली मोठी होते आणि यूव्ही मात्र आत जातच राहतं. घेताना दुकानात यूव्ही मीटरवर तपासून द्या म्हणायचं, बऱ्याच दुकानात असतं.

टॅक्सचं पण बघून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या काचा आणि फ्रेमवर जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. बिलावर जुना दर दिसला तर विचारा.

स्प्रेचे 150 तर सोडूनच द्या. नळाखाली चष्मा धरायचा, धूळ आधी पाण्याने जाऊ द्यायची, मग भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना फिरवायचा, धुवायचा, मऊ कापडाने टिपायचा. शर्टाच्या टोकाने किंवा पदराने कोरडा पुसला की कापडात अडकलेली धूळच ओरखडे काढते. आणि मग लोक म्हणतात कोटिंग निकृष्ट होतं.

आता आईच्या चष्म्याचं काय करायचं ते सांगतो, तो टाकून देऊ नका आणि दुसरीकडे लगेच नवीन करू नका. आधी तो घेऊन उजेडाकडे धरा आणि काचेवर तोंडाने 'हा' करून वाफ सोडा. प्रोग्रेसिव्ह काचेवर बारीक कोरलेल्या दोन खुणा असतात, गोल किंवा कंपनीचं चिन्ह, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर, आणि कानाकडच्या खुणेखाली जवळचा जास्तीचा नंबर कोरलेला असतो, 20 किंवा 22 असं काहीतरी, म्हणजे +2.00 किंवा +2.25. त्यावरून काच खरंच प्रोग्रेसिव्ह आहे आणि कोणत्या कंपनीची आहे ते कळतं. मग बिल आणि काचेचं कार्ड घेऊन, आईला बरोबर घेऊन, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी त्याच दुकानात जा. भांडू नका, एवढंच म्हणा की काचेवर मार्किंग परत करून दाखवा आणि आईच्या चेहऱ्यावर चढवून फिटिंग क्रॉस कुठे येतोय ते बघू. त्यांच्याकडे त्या काचेचा छापील नकाशा असतो, खुणा जुळवल्या की क्रॉस परत काढता येतो, दोन मिनिटं. क्रॉस थोडाच वरखाली असेल तर नोज पॅड वाकवून आणि काड्यांचा कल बदलून काम होऊन जातं, माझ्याकडे येणाऱ्या अशा चष्म्यांपैकी बरेचसे तेवढ्यावरच सुटतात. नोज पॅड नसलेली फ्रेम असेल किंवा जास्त चुकलं असेल तर काच बदलून मागा, प्रोग्रेसिव्हची सवय झाली नाही तर ठराविक मुदतीत बदलून द्यायची सोय बऱ्याच कंपन्या देतात, म्हणून उशीर करू नका.

क्रॉस बरोबर निघाला तर मग आईला पंधरा दिवस सलग लावायला लावा, घरात बसून सुरुवात करायची, जिन्यावर नुसती नजर नाही, हनुवटी खाली न्यायची, म्हणजे वरच्या भागातून पायरी दिसते. मधे मधे जुना चष्मा लावला तर सवय कधीच होत नाही, तो लपवून ठेवा. आणि आईचा जुना चष्मा अर्धचंद्रवाला आहे का ते सांगा मला, कारण पंधरा-वीस वर्षं बायफोकल लावलेल्या माणसाला पासष्टीनंतर प्रोग्रेसिव्ह पटतच नाही असं पुष्कळदा होतं, तसं असेल तर हजाराच्या आत नवीन बायफोकल करा आणि त्या साडेनऊ हजारापैकी काय परत मिळतंय ते बघा.

तुमच्या स्वतःच्या चष्म्याचं काही करू नका, चांगला चाललाय ना, चालू दे. फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, उष्णतेने कोटिंगला बारीक तडे जातात आणि त्यावर बदलून कोणी देत नाही.